कॅमेरा सुनीतीच्या हातात होता

गुरुग्रामच्या एका खासगी इस्पितळात वर्षातून एकदा सोहळा भरे. वर डॉ. श्यामकांत दुर्बिणीतून गर्भपिशवी काढत आणि खाली सभागृहात तीनशे डॉक्टर ते पडद्यावर बघत. दीपप्रज्वलन होई, शाल-श्रीफळ होई, आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात डॉक्टरांचा चेहरा दिसे, दुसऱ्यात घड्याळ पळे. मागच्या खेपेला सरांना अडतीस मिनिटं लागली होती. यंदा पस्तिसाच्या आत, असं त्यांनी जाहीर केलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पेशंटला.

पेशंट होत्या प्रमोदिनीकाकू. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, आणि करोल बागेतल्या कीर्तनात पहिल्या रांगेत बसून टाळ धरणाऱ्या. बुवा रंगात येऊन पळायला लागले, की काकू शांतपणे लय मागे ओढत. सुनीती लहानपणी त्यांच्याच मांडीला टेकून कीर्तन ऐकायची. आता ती श्यामकांतांची ज्युनिअर होती.

सकाळी काकू म्हणाल्या, "तुझे सर मोठे, बिल्कुल मान्य. पण तू बघत राहशील ना गं?"

"माझं कामच तेवढं आहे, काकू. मी कॅमेरा धरते."

खरंच तेवढंच होतं. पोटात सोडलेल्या दुर्बिणीचा कॅमेरा ती जिकडे धरी, तिकडचंच सरांनाही पडद्यावर दिसे. कॅमेरा धरणाऱ्याला मत नसतं, माईक नसतो, शाल तर नसतेच.

ऑपरेशन सुरू झालं, उजवी बाजू झटपट झाली. डावीकडे मात्र जुन्या दोन सिझेरियनमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं. देवाने इथे जागेची फार काटकसर केली आहे. गर्भपिशवीकडे जाणारी धमनी वरून, आणि मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी तिच्या खालून, गर्भपिशवीपासून जेमतेम बोटभर अंतरावर. चिकटलं असेल तर तेवढंही नाही. म्हणून आधी मूत्रवाहिनी शोधायची, मग चिमटा लावायचा. ती ओळखायची खूण एकच: थोडं थांबलं, की ती गांडुळासारखी वळवळते. पण थांबावं लागतं.

घड्याळ सत्ताविसावर होतं. सरांनी मूत्रवाहिनी न शोधताच भाजून कापणारा चिमटा उचलला.

सुनीतीने कॅमेरा पोटातल्या बाजूच्या भिंतीकडे, मूत्रवाहिनी असायची तिकडे, वळवला. चिमटा पडद्याबाहेर गेला.

"सेंटर, बेटा," सर मधाळ आवाजात म्हणाले. माईक चालू होता.

कॅमेरा हलला नाही. टेबलाखाली सरांचा बूट सुनीतीच्या पायावर आला आणि भार देऊन उभा राहिला. वर मास्कच्या आत सर हसत होते. डोळ्यांच्या कडांवरून सभागृहाला तसं वाटावं, इतपत.

"सर काहीतरी खास दाखवतायत वाटतं," खालून सूत्रसंचालक राजाभाऊ म्हणाले.

सरांना शिव्या येत होत्या, पण तीनशे माणसं ऐकत होती. न दिसणाऱ्या जागी चिमटा चालवता येत नव्हता. सत्तावीसचे अठ्ठावीस झाले. एकोणतीस. सुनीतीचे हात भरून आले. काहीच हलेना. सर चुकले नसतील तर उद्या आपण नोएडाच्या एखाद्या दवाखान्यात सर्दी-खोकला बघणार, हे तिला दिसत होतं. मूत्रवाहिनी तेवढी दिसत नव्हती.

मग पडद्यावर एक पांढुरकी दोरी संथ वळवळली. पुन्हा वळवळली. सुनीतीने तिच्या मागोमाग कॅमेरा नेला. जिथे चिमटा लागणार होता, ती अगदी तिथूनच जात होती.

बूट पायावरून उतरला.

"मित्रांनो," सर गंभीरपणे म्हणाले, "मी नेहमी सांगतो. थांबायला शिका."

टाळ्या कडाडल्या. मूत्रवाहिनी मोकळी करून ऑपरेशन संपलं तेव्हा एकसष्ट मिनिटं झाली होती. शाल सरांना मिळाली. कॅमेरा धरायला यापुढे यंत्राचा हात आणायचा, असं त्यांनी चहाच्या वेळी ठरवूनही टाकलं. हात स्थिर असतो, म्हणाले, आणि डोकं चालवत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनीती लंगडत वॉर्डात गेली. काकू उठून बसल्या होत्या, सगळं ठीक होतं.

"पायाला काय झालं गं?"

"जड माणसाचा पाय पडला."

काकूंनी तिला शेजारी बसवलं. "तासभर लागला म्हणे सरांना. लय मागे ओढलीस वाटतं," म्हणाल्या, आणि घरून आलेल्या डब्यातला शिरा तिच्यापुढे सरकवला.