सुभेदारांचा बंगला आणि चंद्रीचा पियानो

मी फ्लॉपी बोलतेय. हसू नका. तळहाताएवढी, काळी, चौकोनी, एका कडेला पत्र्याची सरकती झडप, असं माझं साधंसुधं रूप. पण या एवढ्याशा पोटात एके काळी अख्खं घर मावलं होतं, सोपा, माजघर, गोठा, म्हशीसकट. म्हशीचं पुढं सांगते. सगळी गंमत तिथंच आहे.

जन्मले तेव्हा मी कोरी होते. साताऱ्यात कपिल नावाचे एक ड्राफ्ट्समन होते. त्यांनी घराचे नकाशे काढायचं एक विलायती सॉफ्टवेअर माझ्यात उतरवलं, अंगावर निळ्या शाईनं 'घर' असं लिहिलं आणि एस.टी.नं मला सांगलीला आपल्या बहिणीकडं, दीपमालाकडं, आणलं. तिचा माधवनगरात कॉम्प्युटर क्लास होता. वडिलांची हयात गिरणीच्या मागावर गेली आणि लेकीनं त्याच गल्लीत कॉम्प्युटर आणला, याचा त्या घराला कोण अभिमान. क्लासात शिरताना चपला बाहेर काढायच्या. कॉम्प्युटरला कापडाचा झगा. मला तर आपण देव्हाऱ्यातच आलोय असं वाटलं.

पण माझं ठाणं होतं टेबलाच्या खणात, आणि तिथं दोन सवती होत्या. एक इंजिनिअर लोकांचं भारदस्त सॉफ्टवेअर, रबरबँडनं बांधलेली फ्लॉप्यांची चळतच्या चळत. ती माझ्याशी बोलायचीही नाही. दुसरी सीडी. आरशासारखी चकचकीत, इतकी नटवी की खण उघडला की आधी तीच डोळे मारायची. तिघींचं काम एकच, घराचा नकाशा. तेव्हा खणात रोज भांडण, की गिऱ्हाईक आलं तर दीपमाला आधी कुणाला उचलेल.

गिऱ्हाईक आलं ते सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात. तासगावकडच्या एका गावातले सुभेदार कृष्णात, नुकतेच फौजेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मालकीणबाई बनुबाई. उसाच्या मळ्यात घर बांधायचं होतं.

"दुसऱ्याच्या डोक्यानं बांधल्याल्या क्वार्टरात माजी उमर गेली," सुभेदार म्हणाले. "आता नकाशा आपला आपण काढायचा. कम्प्युटरवर काढता येतोय म्हनं. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, ते दाव."

"दाखवते की काका," दीपमाला म्हणाली. "तुम्हीच निवडा."

आणि तिनं उचलली ती चळत. माझा जीव खट्टू झाला. या सॉफ्टवेअरला हुकूम टाइप करावे लागत. सुभेदार खूश. हुकूम दिला की भिंत हलते, म्हणजे पलटणच झाली. त्यांनी खुर्चीत ताठ बसून हुकूम सोडला, एक आकडा जास्तीचा पडला आणि भिंत जी सुटली ती पडद्याबाहेर.

"आवं, भिंत मिरजंला गेली," बनुबाई शांतपणे म्हणाल्या.

मग नटवीची पाळी. तिच्यात तयार घरंच घरं, रंगीत, उतरत्या छपरांची, अंगणात पोहायचा हौद. सुभेदारांचे डोळे दिपले. हे घेऊ का ते घेऊ, असं त्यांचं चाललं होतं. बनुबाई मात्र प्रत्येक घरात एकच गोष्ट शोधत होत्या.

"सैपाकघर कुठाय ह्यात?"

"मागं आहे काकी."

"आन ह्यात?"

"मागंच. ही घरं तयार आहेत, त्यात बदल होत नाही."

"मग नगं मला ह्यातलं एकबी," बनुबाई म्हणाल्या. "माजं सैपाकघर फुडं पायजे. चुलीम्होरं खिडकी, आन खिडकीतनं रस्ता."

सुभेदार बावचळले. "आगं, फुडं सोपा असतोय. सैपाकघर फुडं कुनाच्यात हाय? पावनं हसतील."

"हसूद्यात. तुमी सुट्टीवर यायचा, तवा वेशीपासनं समद्या गावानं तुमाला बघितल्यालं असायचं. मी आत धुरात. तुमची पेटी माजघरात आदळली की मला कळायचं, मालक आलं. एवढ्या वर्सांत तुमाला रस्त्यानं येताना मी एकदाबी न्हाई बघितलं."

सुभेदार जरा खाकरले. "पर आता मी कुठं जातोय?"

"तुमी न्हाई. जयराज जातोय की."

जयराज म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक. नुकताच भरती होऊन बेळगावला ट्रेनिंगला गेलेला. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली, आत काही लिहिलंय का ते बघितल्यासारखं केलं आणि परत घातली. मला खणाच्या फटीतून सगळं दिसत होतं.  

दीपमालानं खण उघडला आणि मला उचललं. अहो, काय सांगू. झडप सरकली, आत चक्र फिरलं आणि मी अशी काही घुरघुरले की बनुबाई दचकल्या. माझ्यात ना हुकूम, ना तयार घरं. एक कोरा पडदा, माऊस धरायचा आणि भिंत ओढायची. बनुबाईंच्या हातावर दीपमालानं हात ठेवला. रांगोळीची रेघ ओढावी तशी बनुबाईंनी पहिली भिंत ओढली, आणि सगळ्यांत आधी, बाकी घर असायच्या आधीच, तिच्यात खिडकी बसवली.

"हेच घ्या," त्या म्हणाल्या, आणि सुभेदारांनी मान डोलवली. चळतीचं आणि नटवीचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं.

स्वयंपाकघर पुढं आलं, सोपा मागं गेला. आता आत सामान मांडायचं. माझ्याकडं चित्रं होती, पण सगळी साहेबाच्या घरची. चूल नव्हती, म्हणून भिंतीतली धुराड्याची शेकोटी लावली. गोठ्यात म्हैस दाखवायची होती, ती तर मी कुठून आणू? मोटार होती, पलंग होता. शोधता शोधता एक काळं, पोटाला फुगीर, एका बाजूला निमुळतं चित्र आलं.

"ही कोन काळी?"

"पियानो आहे काकी. वाजवायची मोठी पेटी."

"अंगानं आमच्या चंद्री म्हशीवानीच हाय. हीच बांधा गोठ्यात."

सुभेदार इतके हसले की चष्मा पुसावा लागला. प्रिंटर किर्र किर्र करत बसला आणि नकाशा बाहेर आला, गोठ्यात पियानो बांधलेला.

कामाला ज्योतिबा गवंडी होता. सुभेदारांनी त्याला फौजी खाक्यानं बजावलं, "नकाशाभाईर एक ईट जायाची न्हाई." आणि ते जयराजची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरचा शपथेचा सोहळा, बघायला बेळगावला गेले. परत येऊन बघतात तर गोठ्यात पियानोच्या आकाराचा दगडी ओटा. वळणं अगदी नकाशातल्यासारखी, कुठं खोट काढायला जागा नाही.

"हे काय केलंस गड्या?"

"नकाशात हाय त्येच की सुभेदार," ज्योतिबा घाम पुसत म्हणाला. "लय वाकडं हाय, दगूड फोडून हात गेलं. पर भाईर न्हाई गेलो."

ओटा फोडायचाच म्हणून सुभेदारांनी पहार मागवली. तेवढ्यात चंद्री आपल्या पायानं त्यावर चढली, पोटाची बाजू फुगीर भागाकडं केली आणि असा काही निःश्वास सोडून बसली की पहार जिथल्या तिथं राहिली. आख्खं गाव बघायला लोटलं. शिराळ्याचे पाहुणे नानासो तर मापं घेऊन गेले. शेकोटीबरहुकूम चुलीवर धुराडंही झालं होतं, धूर वर जायला लागला आणि बनुबाईंनी डोळ्यांना पदर लावायचं कारणच उरलं नाही.

वास्तुशांतीला दीपमाला आली, ती मला घेऊनच. "काकी, तुमचं घर यात आहे, जपून ठेवा." आपल्याकडं अवजाराला ओवाळल्याशिवाय ते लाभत नाही. बनुबाईंनी मला पाटावर ठेवलं आणि हळदीकुंकवाची चिमूट नेमकी झडपेच्या फटीत वाहिली. "काकी, आत नका…" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पुढं क्लासात घालून बघितलं, पण मशीनला माझ्यातली एक भिंतही वाचता आली नाही. मग तू हे सगळं सांगतेस कशी, म्हणाल. अहो, विसरले ती मशीनपुरती. मला सगळं आठवतंय.

निकामी झाले, पण मला टाकून नाही दिलं. त्या पुढच्या खिडकीचं दार वाऱ्यानं सारखं आपटून बंद व्हायचं. बनुबाईंनी इकडंतिकडं बघितलं, मला उचललं आणि पाचरीसारखं चौकटीत ठोकलं. बरोब्बर बसले. जी खिडकी माझ्यात पहिल्यांदा उघडली, ती आता मीच उघडी धरते.

दिवाळीच्या तोंडावर बनुबाई भाकरी थापत होत्या. वळणावर एस.टी. थांबली, एक जण खांद्यावर पेटी घेऊन उतरला. मी बघितलं आणि त्यांनीही, एकदमच. थापलेली भाकरी परातीत तशीच टाकून, पिठाच्या हातानं त्या रस्त्यावर धावल्या. तव्यावरची करपून कोळसा झाली. गावातल्या कुणालाही कळायच्या आधी जयराज आईच्या गळ्यात होता, आणि त्याच्या नव्या वर्दीच्या पाठीवर पिठाचे दोन पंजे उमटले होते.

सुभेदार मागच्या सोप्यात पेपर वाचत होते. पेटी माजघरात आदळली तेव्हा ते उठून आले.

"आरं, कवा आलास? मला कुनी सांगितलं न्हाई."

बनुबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्याकडं बघून हसल्या. "आता कळलं का, मला कसं वाटायचं?"

 दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी आणली. ती अजून तिथंच आहे.

आता क्लासात सीड्याच फिरतात म्हणे, माझ्या जातीचं कुणी विचारत नाही. विचारेना का. तुमच्या खणात माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल तर तिलाही असंच कामाला लावा. आणि तासगावकडं कधी आलात, मळ्यातल्या पुढच्या खिडकीत काळी पाचर दिसली, तर खुशाल हात करा, पण मला उपसून काढू नका. जयराजची सुट्टी संपलीय, तो परत गेलाय, आणि बनुबाई चुलीपुढं बसल्यात.