कापायचा राहिलेला कोपरा

...आणि त्या ओल्या, बोटभर रुंद रकान्यात दिव्याखाली पायऱ्या उजळल्या — एक, दोन, तीन, चार... अगं बाई! नीट बघायला तिने गॉगल वर करायला हात नेला आणि घाईघाईने मागे घेतला. हा अतिनील दिवा डोळ्यांचं वाटोळं करतो.

तीन वर्षं तिने जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या त्या जेलीच्या पातळ वडीवर, नुसता धुरकट पट्टा पाहिला होता. मारलेल्या पेशींचा डीएनए तसाच फाटतो, कसाही, लहानमोठ्या चिंध्यांत — पण पेशीने स्वतःच मरायचं ठरवलं, तर ती आवरून-सावरून जाते, आपला धागा आपणच ठराविक मापावर कापते, दुप्पट, तिप्पट, चौपट... आई शिवणाचं कापड कापायची तसा. 'फाडायला काय, उंदीरही फाडतो,' म्हणायची. औषधामुळे पेशी आपणहून मरतात हे दाखवा, नाहीतर टेबल रिकामं करा, असं सरांनी बजावलं होतं. मुदत आज चारपर्यंत. आणि आता ही शिडी! ती चक्क नाचली, हातमोज्यांसकट.

"काय गं, लॉटरी लागली?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून बघू लागली. "झकास! औषधाचा रकाना कुठला?"

"हा काय, डावी—"

ती थांबली. जेल उचलताना हातातून निसटली होती, तिने हसत झेलली होती... एकदा उलटली, की दोनदा? उलटली की डावं-उजवं बदलतं; ते कळावं म्हणून एक कोपरा कापतात. आज घाईत तोच राहिला. तुकड्यांची लांबी ताडायचे मापाचे रकाने दोन्ही कडांना, सारखेच, हौस तिचीच. मधे दोन, औषधाच्या आणि बिनऔषधाच्या पेशींचे: एकात शिडी, दुसऱ्यात न तुटलेल्या डीएनएची एकच जाड पट्टी. पुन्हा करून बघायला नमुन्याच्या नळ्यांत थेंबही उरला नव्हता.

"औषधाचाच असणार," मैत्रीण हळूच म्हणाली. "गप्प बस. बिनऔषधाच्या पेशी उगाच कशाला मरतील?"

"उपाशी राहिल्या तर मरतात."

रविवारी मी पेशींच्या दोन्ही बशांना अन्न घातलं होतं ना? घातलं होतं... बहुतेक. की एकीलाच?

चारला पाच कमी. फोटो घेऊन ती सरांच्या दाराशी उभी राहिली. गप्प बसणं किती सोपं होतं! पण छातीत जे धडधडत होतं ते भय नव्हतंच सगळं — पेशी पुन्हा वाढवायच्या, आठ दिवस, फक्त आठ दिवस मागायचे... इतकी अधीर ती स्वतःच्या लग्नातही नव्हती. शिडी चुकीच्या रकान्यातली निघाली तर तीन वर्षं पाण्यात. निघू दे. पण कुणाची ते कळल्याशिवाय आता तिला घास गिळवणार नव्हता.

तिने दार ढकललं. "सर, शिडी आलीय," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "कुणाची ते मला माहीत नाही."