चौथ्या भागातली गुणगुण

पाच भागांच्या त्या नव्या रचनेतले तीन भाग तिने कसेबसे पचवले होते. पहिल्यात व्हायोलाच्या, तिच्या त्या थोराड व्हायोलिनच्या, तारांवर गजाच्या लाकडाने ठोकायचं, दुसऱ्यात पाचही वादकांनी वेगवेगळ्या लयीत एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, आणि तिसऱ्यात बहुतेक वेळ गप्प बसायचं.

"गप्प बसायला मला पाठव," नवरा म्हणाला. "लग्न झाल्यापासूनचा अनुभव आहे."

चौथा भाग मात्र अंगावर आला. बाकीचे चौघे थांबणार, ती एकच लांब स्वर धरणार आणि त्याच वेळी ओठ मिटून गुणगुणणार. तेही तारेच्या स्वरात न मिसळता, किंचित खाली. दोन स्वर एकमेकांना घासले की हवेत थरथर उठते. संगीतकाराला तीच हवी होती.

लहानपणी ताईने, म्हणजे घरातल्या गाणाऱ्या बहिणीने, चार पाहुण्यांदेखत सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव गं, सूर बिघडतो." तेव्हापासून ती कुणाच्या वाढदिवसालाही ओठच हलवत आली. व्हायोला निवडला तोही त्यासाठीच. मधला आवाज, कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

तालमीत तिने नेहमीचीच युक्ती केली, गुणगुणायचं नुसतं सोंग. संगीतकाराने हात वर केला. "ऐकू येत नाहीये."

"माझा आवाज बेसूर आहे हो. एखादी गाणारी बोलवा."

"मला बेसूरच हवंय. मग काळजी कसली?"

सेलोवाला खो खो हसला. "चला, शेवटी गुणांची कदर झाली!"

तिने डोळे मिटले, गज ओढला, गुणगुणली. थरथर काही उठेना. आवाज खाली ठेवायला जावं, तर तो हळूच वर सरकून तारेच्या स्वराला बिलगायचा, गर्दीत आई सापडलेल्या पोरासारखा.

"अहो, सुरात जाताय!" संगीतकार कळवळला. "पुन्हा सुरात!"

हे तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती गज मांडीवर ठेवून बसून राहिली. इतकी वर्षं नुसते हलवलेले ओठ आठवले. राग येईना, हसूही येईना.

मग घरी सराव सुरू झाला. मिक्सर लावायचा आणि त्याच्या आवाजाच्या जरा खाली आपला आवाज धरायचा. पलीकडच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "मिक्सर बिघडलाय का गं?" त्या दिवशी तिला जमलं.

कार्यक्रमाला ताई पहिल्या रांगेत बसली होती. चौथ्या भागात चौघे थांबले. तिचा आवाज उघडा पडला, अगदी एकटा. तो वर सरकू पाहत होता, तिने धरून ठेवला. बाहेरून जड ट्रक गेल्यावर खिडकीची काच थरथरते, तसं काहीतरी सभागृहात पसरलं.

नंतर ताईने तिचा हात हातात घेतला. हलकेच म्हणाली, "छान झालं हं. फक्त गुणगुणताना जराशी खाली उतरलीस."

"हो ना," ती म्हणाली. "किती मेहनत पडली म्हणून सांगू, ताई!"

परतताना गाडीत ताई सवयीने गाऊ लागली. मागच्या सीटवरून तिने त्यात आवाज मिसळला. ताई मध्येच थबकली, वळून बघू लागली.

ती गातच राहिली.