लिटरला अठरा

चार टायर, एक स्टेपनी, मागच्या सीटवर दोन उशा, टाकीत वीस लिटर पेट्रोल. आठवड्याचा कोटा तेवढाच, आणि कोट्याबाहेर थेंबही मिळत नव्हता. सिरिपालच्या गावाहून अनुराधपूरचं इस्पितळ साठ किलोमीटर. बायकोचं, सोमलताचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा. जाऊन-येऊन तीनशे साठ भागिले वीस, म्हणजे लिटरला अठरा हवेत. गाडी सोळा देत होती.

"हे रुंद टायर काढ," तो पंक्चरवाल्या रुवनला म्हणाला. "मूळचे अरुंद बसव. हवा बेचाळीस भर."

"सिरिपाल अय्या, तीसची गाडी ही. बैलगाडी होईल तिची."

"मऊ टायर रस्त्यावर सारखा दबतो, परत फुगतो. पेट्रोल त्यातच जातं."

"आणि सोमाक्काचं काय जाईल?"

सिरिपालने चौतीस वर्षं तलावाच्या पाण्याची पातळी मोजली होती. आठवडा संपला तेव्हा त्याने उरलेलं पेट्रोल रबरी नळीने काढून मापाने मोजलं. लिटरला अठरा पूर्णांक एक. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या आठवड्यात सोमलता खड्ड्याखड्ड्याला दाराची मूठ धरू लागली.

"अहो, पाट्यावर खोबऱ्याचं सांबोल वाटतात तसं वाटताय मला."

"हळूच चालवतोय."

"हवा किती ठेवली तर हाडं वाजायची नाहीत?"

"अठ्ठावीस. पण मग साडेसोळाच मिळतील. तिसऱ्या फेरीला शेवटचे तीस किलोमीटर ढकलत यावं लागेल."

"मग दोनदाच जाऊ."

"डॉक्टरांनी तीनदा सांगितलंय."

"डॉक्टर बसतात का या गाडीत?"

सिरिपालने गाडी कडेला घेतली. उकिडवं बसून एकेका टायरची हवा सोडली. चौथ्या टायरपाशी त्याचा हात थबकला, तशी ती काच खाली करून म्हणाली, "तोही. तीन पायांवर नेणार का मला?"

त्यानंतर ती गाडीत झोपू लागली. सोमवारी आणि गुरुवारी, जाताना आणि येताना. तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले, मग चेहरा. बेचाळीस करू का, असं त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी इस्पितळाच्या फाटकात त्याने तिला हाक मारली. ती उठली नाही.

कागदपत्रं व्हायला वेळ लागणार होता. मृतदेह उद्या मिळेल, असं नर्सने सांगितलं. तो घरी परतला, अंगणात गाडी लावली आणि नळी आणली.

साठ किलोमीटर. हवा अठ्ठावीस. गाडीत एक माणूस. लिटरला सतरा.