दुधानं सापडलेलं पंक्चर

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि एका जागी उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही. दोन चाकांचा जीव माझा. थांबले की पडायची भीती, म्हणून सारं आयुष्य मला पुढच्या वळणाची ओढ.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. बोटीनं मुंबईला आणि तिथून आगगाडीनं सोलापूरला आले. कापडगिरणीतल्या एका साहेबानं मला मागवलं होतं. भोंगा झाला की बंगल्यावरून गिरणीत जायचं, भोंगा झाला की परतायचं, एवढंच माझं जग. जकातनाक्यापलीकडे पांढरा रस्ता कुठंतरी जाताना दिसे आणि माझी साखळी उगीचच कुरकुरे. साहेब मायदेशी निघाला तेव्हा मला प्रसूतिगृहाला देऊन गेला. तिथले डॉक्टर टांग्यातून फिरत. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी. माझ्या हँडलवर लोक बाळांची दुपटी वाळत घालत. पुण्याचंच काम ते, पण माझा जीव आत घुसमटे.

दाक्षायणीबाई तिथं सुईण होत्या. लिंगायत घरातल्या, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, सासूबाई ईरम्मांजवळ राहणाऱ्या. पहाटे स्नान, पूजा, कपाळी विभूती, मगच तोंडात पाणी. हा नेम कधी चुकला नाही. पण चैन त्यांच्याही जिवाला नव्हतं. एका पावसाळ्यात वैरागच्या वाटेवरच्या एका वस्तीतून बोलावणं आलं. बैलगाडी मिळेपर्यंत उजाडलं. बाई पोचल्या तेव्हा अंगणात पाणी तापत होतं आणि ते बाळाच्या आंघोळीचं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी हँडलवरची दुपटी घडी करून ठेवली आणि मला अंगणात उतरवलं. माझा मधला दांडा पुरुषांच्या सायकलीचा, मला त्याचीच काळजी. पण बाईंनी नऊवारीचा काष्टा कसला आणि दांड्याचं काही चाललं नाही. चार वेळा पडलो दोघी. पाचव्यांदा फाटकाबाहेर गेलो.

मग त्यांनी प्रसूतिगृहाच्या समितीकडे माझ्यावरून खेड्यापाड्यांत जायची फेरी मागितली. अध्यक्ष ईश्वरप्पा सरकीचे व्यापारी. मनानं वाईट नव्हते, धास्तावलेले होते.

"आणि माळावर चाक बसलं तर काय करशील, पोरी? रडत बसशील. तिथं काय मी धावत येऊ?"

त्याच सुमारास एका तालमीनं सायकलींची दौड जाहीर केली. सोलापूरहून वैराग आणि त्याच दिवशी परत. गावात अशी दौड पहिलीच.

"अप्पा, दिवेलागणीच्या आत जाऊन आले तर फेरी द्याल?"

"जा, दिली," ईश्वरप्पा हसून म्हणाले. बाई जाणारच नाहीत अशी त्यांची खात्री.

गड्ड्याची जत्रा उठून महिना झाला होता. उन्हाला धार चढली होती. रविवारी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी साऱ्या सायकली जमल्या. "ब्याड, ब्याड! नको गं जाऊस," असं म्हणत म्हणतच ईरम्मांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्या कॅरिअरला बांधली.

तालमीतला मानसिंग पैलवान ओरडला, "बाई, दळण आनाया निगाला काय? चक्की हिकडं हाय की!"

"तुमच्यासाठीच पीठ आणते, मानसिंगराव. परतेपर्यंत भूक लागेल तुम्हांला."

सगळे हसले. मग शिट्टी झाली आणि मित्रांनो, जकातनाका मागं पडला! खडी, धूळ, बाभळी, पुन्हा धूळ. माझे सांधे खिळखिळे झाले, पण मला थांबावंसं वाटेना. दुपारी वैराग आलं. बाकीच्यांनी बाजारात भज्यांवर ताव मारला. बाईंनी झाडाखाली भाकरी खाल्ली आणि मला लगेच परतीला वळवलं. तरी एकेक जण आम्हांला मागं टाकून गेला.

रस्ता ओस पडला आणि माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. घुसला आणि निघूनही गेला. बाईंनी टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली, सोबतच्या पंपानं हवा भरून कानाशी धरली. पण माळावरचा वारा असा सुसाट, की भोक कुठं ते कळेना. सूर्य तर कुणासाठी थांबत नाही.

शेळ्यामेंढ्या घेऊन एक म्हातारी आली. केराबाई तिचं नाव.

"काय गं बया, आतडं काढलंस व्हय गाडीचं?"

"वाटीभर पाणी आहे का, मावशी? बुडबुडे कुठून येतात ते बघायचंय."

"पानी? हीर त्या टेकाडापल्याड. जाऊन येस्तवर सांज व्हईल." मग कळपाकडं बघून म्हणाली, "पानी न्हाय, पर दूध हाय की!"

तिनं शेळी धरली आणि कासंडीत धार काढायला बसली. बाई संकोचल्या. "मावशी, हे देवाला ठेवायचं असेल."

"रईवारचं बिरुबाचंच असतंय. पर तू एवढी कुटं निगालीस?"

बाईंनी सगळं सांगितलं. केराबाईचा हात थांबला.

"माजी सून त्या टेकाडापल्याडच्या वस्तीवरच हाय. सातवा लागलाय." कासंडी तिनं पुढं सरकवली. "बुडीव आतडं. बिरुबाला काय सांगायचं ते मी सांगते."

आधी दुधावरचा फेस बसेना. तो बसेपर्यंत आम्हां दोघींना दम निघेना. मग एका जागी बुडबुड आली. बाईंनी सोबतच्या डबीतलं ठिगळ लावलं, ते दुधाच्या ओशटपणानं निसटलं. केराबाईनं वाटेकडेच्या तीन दगडांच्या चुलीतली राख आणून ट्यूब घासली आणि दुसरं ठिगळ बसलं. तिचं कुत्रं माझं चाक चाटत मैलभर मागं धावलं.

बाईंनी मग मला अशी पळवली, की वाटेत एक कडब्याची गाडी आम्ही मागं टाकली. कडब्यावर मानसिंग पोट धरून आडवा आणि शेजारी त्याची सायकल.

तरी तळ्याकाठी पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

ईश्वरप्पा कट्ट्यावर बसून होते. "दिवे लागले, दाक्षायणी."

"हो अप्पा, लागले."

"हा दुधाचा वास कसला?"

बाईंनी सांगितलं, अगदी थोडक्यात. ईश्वरप्पा वाकले आणि त्यांनी माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. टणक होतं.

"तूच काढलंस पंक्चर?"

"मीच."

अंगठा धोतराला पुसत ते सरळ झाले. मग म्हणाले, "अट मी वेळेची घातली, पण धास्ती मला ह्या चाकाची होती. उद्या सोमवार, तुझा उपास. मंगळवारपासून फेरी सुरू कर."

"उपास पोटाला असतो अप्पा, पायांना नाही. उद्याच निघते."

पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघी हिंडलो. केराबाईचा नातू बाईंच्याच हातावर आला. लोक म्हणत, घंटी ऐकली की निम्मी कळ कमी होते.

आता बाई नाहीत. त्यांच्या पुतण्यानं मला माळ्यावर टांगलं आहे. दसऱ्याला खाली घेतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर, आणि गंज तर रोजच येतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी कामाची वस्तू मानानं टांगून ठेवलेली असेल. तिला खाली उतरवा. मलाही उतरवा. साखळीला तेल द्या, चाकात हवा भरा आणि ज्याला कुठंतरी तातडीनं पोचायचं आहे त्याच्या हाती मला सोपवा. परत कधी येशील, एवढं मात्र विचारू नका.