कॉलरला चिमटा, म्हणजे चोक आत

साहेब, तुम्ही बघितलंच नाही. गाड्यांच्या तपासणीत आमच्या गाडीवर नापासाचा लाल शिक्का मारलात, पण बॉनेट उघडलं नाहीत, आत डोकं घातलं नाहीत, गाडी कशी ठेवलीय हे नुसतं विचारलंसुद्धा नाहीत. मालकाने कारण विचारलं तेव्हा खुर्चीतून न उठता म्हणालात, "जुनी आहे. अजून काय कारण पाहिजे?" हे कारण नव्हतं साहेब. हा आळस होता, आणि त्यालाच तुम्ही शाई लावलीत.

मित्रांनो, सुरुवातच अशी तडकून केली, तर सांभाळून घ्या. खरं म्हणजे मी आज खुशीत आहे. गाडी वाचली. तीन आठवडे जिवाला लागलेला घोर आत्ता संपला. पण गळ्यावरचा हात निघाला की आपण आधी श्वास घेतो आणि मग तो हात कुणाचा होता ते वळून बघतो. माझं तसं झालंय.

मी एक जुना चोक आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंच नसणार, कारण आताच्या गाड्यांना माझी गरज नाही. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, रेडिओच्या खाली, एक काळी गोल मूठ असते, ती मी. माझ्या पाठीमागे एक लांब तार आहे. ती थेट इंजिनापर्यंत जाते. थंडीत इंजिन गारठलेलं असतं आणि सहजासहजी पेटत नाही. अशा वेळी मला बाहेर ओढायचं. मग तिकडे एक पत्र्याची झडप मिटते, इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं, आणि ते खोकत खोकत जागं होतं. इंजिन तापलं की मला परत आत ढकलायचं. हे विसरलात तर मागून काळा धूर निघतो. माझं सगळं आयुष्य या दोन कामांत आलं, बाहेर आणि आत.

एका मोठ्या कारखान्यात मला साच्यातून काढलं तेव्हा माझ्या डोक्यावर एक पांढरं अक्षर होतं. ते बोटांनी कधीच पुसून नेलं. माझी पहिली मालकीण गुरांची डॉक्टरीण होती. ती भल्या पहाटे निघायची आणि मला हात लावण्याआधी बोटांवर फुंकर घालायची. नंतर आम्ही गाडी शिकवणाऱ्या एका माणसाकडे गेलो. तिथले शिकाऊ मला रेडिओचं बटण समजून पिळायचे. एका बाईंनी तर माझ्यावर छत्री अडकवली होती. तिथेच मला बाहेर अडकवून धरणारी खाच झिजली, आणि बाहेर ओढल्यावर आपोआप आत सरकायची खोड मला लागली. उन्हाळ्यात माझी कुणाला आठवण नसायची. थंडी पडली की मात्र सगळे मला ओढायला टपलेले.

मग आम्हाला वायरमनने घेतलं. हाच आमचा मालक. आयुष्यभर लोकांच्या घरात दिवे लावले, आता निवृत्त आहे. माझी खोड त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली. त्याने मला शिव्या दिल्या नाहीत. वर जाऊन बायकोच्या दोरीवरून कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा आणला आणि माझ्या मुठीच्या मागे, दांड्यावर लावला. मी जागच्या जागी उभा. इंजिन तापलं की तो चिमटा काढायचा, मला आत ढकलायचा, आणि चिमटा स्वतःच्या कॉलरला लावायचा. विसर पडू नये म्हणून ही त्याची युक्ती. चिमटा कॉलरला असला म्हणजे चोक आत. त्याला दुसरा पुरावा लागत नसे. चिमटा तसाच कॉलरला लावून तो दुकानात जायचा, लग्नालाही जायचा. त्याची बायको म्हणायची, एक दिवस मी ह्यांनाच दोरीवर वाळत घालणार आहे.

थंडीच्या सकाळी आमच्या इमारतीमागच्या आवारात भिंतीला ऊन लागलं की म्हातारे जमायचे. पहिला वायरमन, थर्मास घेऊन. दुसरा भोंगा. हा शाळेत कवायत शिकवायचा, कानाने अधू झालाय, त्यामुळे जगही अधू आहे असं समजून ओरडूनच बोलतो. त्याची एक दोन दारांची गाडी आहे, तिला तो स्वतःपेक्षा जास्त वेळा आंघोळ घालतो. तिसरा मेहुणा, म्हणजे वायरमनच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण सगळं आवारच त्याला मेहुणा म्हणतं. हा जन्मभर डिझेलचा टेम्पो चालवत आला, आणि आता गाडी नसल्यामुळे सगळ्यांच्या गाड्यांबद्दल त्याला मत आहे.

त्यांच्या गप्पा म्हणजे काय सांगू. काल काचेवर दव किती होतं. चाकात हवा थंडीत कमी होते की आपल्याला तसं वाटतं. ऑइल घट्ट झालंय की गुडघे. वायरमन रात्री बॅटरी काढून घरात नेतो आणि तिच्यावर जुनी रजई टाकतो, यावर एक अख्खी सकाळ गेली होती. त्याची बायको खिडकीतून म्हणाली होती की मी कुडकुडते तेव्हा विचारत नाहीत, बॅटरीला मात्र पांघरूण. भोंग्याला त्यातलं फक्त पांघरूण ऐकू आलं आणि त्याने पांघरुणांच्या भावावर भाषण ठोकलं. मी उघड्या काचेतून हे सगळं ऐकायचो. कामाचं त्यात काही नसायचं, आणि मला त्याच्याइतकं सुखाचं दुसरं काही माहीत नाही.

आता गाडी का महत्त्वाची ते ऐका. वायरमनच्या बायकोचा उजवा गुडघा वाकत नाही. नव्या गाडीत तिला पाय घालता येत नाही, रिक्षात तर नाहीच. वायरमनने आमच्या पुढच्या सीटचे रूळ मागे वाढवून घेतले, त्यामुळे ती पाय लांब करून बसू शकते. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलीय. दर रविवारी ही तिच्या उशाशी जाऊन बसते. गाडी गेली की ते बसणं गेलं.

गाड्यांच्या तपासणीचा दिवस आला. वाटेतच इंजिन तापलं, वायरमनने मला आत ढकललं, चिमटा कॉलरला लावला. तिथे मोठी रांग. गाडी बंद करून तो खिडकीवर कागद दाखवायला गेला. मेहुणा आत बसला होता. वारा बोचरा होता. त्याला वाटलं, इंजिन पुन्हा गारठलं असणार, ऐन वेळी बंद पडली तर भाऊजींची शोभा होईल. त्याने मला पूर्ण बाहेर ओढलं, आणि ताईच्या दोरीवरून स्वतः आणलेला एक चिमटा खिशातून काढून माझ्या मागे लावला. मनाने चांगला माणूस. पण आयुष्य डिझेलवर गेलेलं, आणि डिझेलला मी नसतो. मला आतही ढकलावं लागतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमचा माणूस आला, साहेब. मेहुण्याला उतरवलं, मालकाला पिवळ्या रेषेमागे उभं केलं, आणि गाडी सुरू करून ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. मागून असा काळा लोट निघाला की रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले. माणूस उतरताना त्याचा कोट माझ्यात अडकला, चिमटा उडून शेजारच्या सीटपुढे कोपऱ्यात पडला आणि मी गुपचूप आत सरकलो. वायरमन लाल शिक्क्याचा कागद घेऊन परत येऊन बसला तेव्हा सगळं जागच्या जागी. त्याने कॉलर चाचपली. चिमटा होता.

पुढचे दिवस वाईट गेले. म्हाताऱ्यांनी इंजिन उघडलं. प्लग काजळीने काळे झाले होते ते घासले, कार्बुरेटर धुतला. भोंगा म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनच संपलं. मेहुणाही म्हणाला, रिंगाच. पण आवारात गाडी सुरू केली की धुराचा मागमूस नाही. दोष सापडला असता तर बरं होतं. न सापडणाऱ्या दोषाने वायरमनला आतून खाल्लं. पुन्हा तिथे जाऊन ती अशीच लोकांसमोर खोकली तर कायमची भंगारात, हा नियम. हळूहळू थर्मास खाली यायचा बंद झाला. भोंगा एकटाच उन्हात उभा राहायचा आणि कुणी नसल्यामुळे हळू आवाजात बोलायचा. एका सकाळी वायरमनने सांगून टाकलं की तो दुसऱ्या तपासणीला जाणार नाही, गाडी स्वतःच भंगारवाल्याला देईल. तिची आणखी बेअब्रू नको.

त्याच दिवशी त्याची बायको काठी टेकत खाली आली. तिला तिची पाठीमागची उशी काढून घ्यायची होती. सवयीने ती सीटवर बसली, पाय लांब केला, आणि टाचेखाली काहीतरी कडकन मोडलं. तिने वाकून तो तुकडा उचलला.

"अहो, हा माझा चिमटा इथे कसा?"

"माझा इथे आहे," वायरमनने कॉलर दाखवली.

"मग हा कुणाचा?"

मेहुणा पुढे आला. त्याचा चेहरा अगदी शाबासकी घ्यायला निघालेल्या पोरासारखा. "माझा आहे, ताई. त्या दिवशी रांगेत चोक ओढून मीच लावला होता. भाऊजींचं काम अडू नये म्हणून."

भोंग्यालासुद्धा ऐकू आलं होतं. वायरमन मेहुण्याकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, आता पाना उचलतो. पण तो बंपरला टेकून खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. बायकोने भावाचा कान धरला, साठीच्या माणसाचा, आणि सोडलाच नाही. "अरे, तीन आठवडे ह्यांना जेवण गोड लागलं नाही, आणि तू खिशात चिमटे घेऊन फिरतोयस." मेहुणा कळवळून विचारत होता की पण चोक आत कधी घालायचा असतो, मला नीट सांगा ना कुणीतरी. मग तिघांनी मिळून त्याला सांगितलं, तिघांनी वेगवेगळं, आणि त्यावरून दुपारपर्यंत भांडण झालं. थर्मास पुन्हा खाली आला. मित्रांनो, त्या भांडणासारखं संगीत मी ऐकलेलं नाही.

आज आम्ही दुसऱ्यांदा आलो, साहेब, या वेळी भोंगाही सोबत. ताईंच्या हुकमाने मेहुण्याचे दोन्ही हात स्वतःच्या खिशात होते, आणि खिसे आधी तपासलेले. तुमच्या माणसाने पाय दाबला, मागून काही निघालं नाही. तुम्ही हिरवा शिक्का मारलात. मागच्या वेळेबद्दल चकार शब्द नाही. तीच गाडी, तेच इंजिन, आणि वयाने तर तीन आठवडे आणखी जुनी. मग त्या दिवशीचं तुमचं कारण कुठे गेलं?

मित्रांनो, कुठलीही वस्तू, कुठलंही माणूस जुनं म्हणून बाजूला काढलेलं दिसलं, तर एवढंच करा. जवळ जा आणि नक्की काय बिघडलंय ते विचारा. बहुतेक वेळा कुठेतरी एखादा चिमटा अडकलेला असतो.

आम्ही निघणारच होतो. वायरमनचा हात किल्लीवर होता, बायको पाय लांब करून बसली होती, बहिणीकडे जायचं होतं. तेवढ्यात आमच्या मागच्या निळ्या गाडीला तुम्ही लाल शिक्का मारलात. मफलर गुंडाळलेला तिचा मालक खिडकीशी वाकून काहीतरी विचारत होता, आणि तुमचं तेच "जुनी आहे" आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं.

बायको म्हणाली, "अहो, जरा थांबा."

वायरमनने किल्ली काढली. आता तिघेही म्हातारे तुमच्या खिडकीसमोर उभे आहेत, भोंगा सगळ्यांत पुढे. त्यांना घाई नाही, थर्मास भरलेला आहे. साहेब, शटर ओढू नका. त्या निळ्या गाडीला काय झालंय, ते सांगा.