पावणेबाराची पाळी

विधानसभेत एकतीस वर्षं लघुलिपी घेतलेल्या नागोरावांचा एक हट्ट होता: प्रतिवेदकाने ऐकायचं, पण समजून घ्यायचं नाही. कानात पडलेला शब्द थेट बोटांत उतरला पाहिजे. डोकं मध्ये आलं की घोटाळा झालाच. निवृत्त होऊन ते उमरखेडला आले, मागोमाग पत्नी प्रभावतीबाई वारल्या, तरी हट्ट काही सुटला नाही. आता तो एकुलत्या एका मुलीच्या, प्रियंकाच्या राशीला लागला होता, कारण पुढच्याच महिन्यात तिची त्याच नोकरीची परीक्षा होती. पोरगी एकदा सभागृहातल्या त्या मधल्या टेबलाशी बसली की गंगेत घोडं न्हालं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

म्हणून प्रजासत्ताकाच्या पंच्याहत्तरीनिमित्त भरलेलं विशेष अधिवेशन टीव्हीवर लागलं, तेव्हा बापलेक पेन्सिली टोकदार करून बसले. पद्धत सभागृहातलीच. पाच मिनिटं एकाने लिहायचं, मग दुसऱ्याने. वेळ झाली की वाक्य अर्ध्यात असलं तरी तिथेच सोडायचं, पुढचं पुढच्याच्या वहीत. पाळी नसेल त्याने अंगणात जाऊन बोटं मोकळी करायची. सभागृह झेंडूने सजलं होतं, सदस्य नवे फेटे बांधून आले होते, आणि एरवी ज्यांचं एकमेकांशी क्षणभर पटत नाही ते शेजारी बसून गोड बोलत होते.

"एक दिवसाचे सोयरे हायेत हे," नागोराव म्हणाले.

प्रियंका हसली, पण तिचा हात थांबला नाही. त्यांना फार बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून दोघं आपापली पाळी मोठ्याने वाचू लागले. सगळं ओळीला ओळ जुळत होतं. अकरा चाळीसची पाळी नागोरावांची होती. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला.

"'सभागृहाला कळविण्यास मला अत्यंत दुःख होत आहे...'"

"हा तं शोकप्रस्ताव झाला बाबा," प्रियंका म्हणाली. अंगणात असल्यामुळे तिने तो भाग ऐकलाच नव्हता. "आजच्या दिवशी कायले?"

तिने मोबाइलवर चित्रफीत लावली. अकरा चाळीसला एक सदस्य कापसाबद्दल बोलत होते आणि बाकीचे बाकं वाजवत होते. पावणेबारालाही तेच बोलत होते, तेच हसत होते. दोघांनी ती तीनदा पाहिली. नागोरावांच्या वहीत कापसाचा शब्दही नव्हता. अक्षर मात्र त्यांचंच होतं, एकही वळण न चुकलेलं.

ते पुढे वाचत गेले, कारण आता थांबणं त्याहून वाईट झालं असतं. "'उमरखेड येथे, बसस्थानकामागील आपल्या राहत्या घरी, या विशेष अधिवेशनाच्या दिवशीच अकस्मात निधन पावलेल्या...'"

तिथे पाळी संपली होती. नाव पुढच्या वहीत होतं.

असे शेकडो प्रस्ताव त्यांनी उभ्या हयातीत लिहिले होते आणि पाळी बदलताच विसरले होते. आज पहिल्यांदाच त्यांना समजून घ्यावं लागत होतं. बसस्थानकामागच्या या घरात माणसं दोनच. एक एकोणसत्तर वर्षांचा, दुसरी सव्वीसची. माझं असू दे, ते मनात म्हणाले, फक्त माझं असू दे.

"तुही पावणेबाराची पाळी वाच, पोरी."

"राहू द्या ना बाबा. काहीतरी गडबड झाली आपली."

"मंग वही मले दे."

त्यांनी हात पुढे केला, तशी तिने वही छातीशी धरली. मग पाठ थोडी वळवून ती मनातल्या मनात वाचू लागली. तिचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं आणि बराच वेळ तिथून हललं नाही.

"कोणाचं हाय?"

वही मिटून तिने पाटावर ठेवली आणि हळूच उभी राहिली. हात बाजूला, मान खाली. नाव वाचून झालं की सभागृह असं दोन मिनिटं उभं राहतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

म्हणजे नाव आपलंच; स्वतःच्या नावाला कोणी उभं राहत नाही. नागोरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आनंदच झाला म्हणा ना! बस खाली, येडी का तू, असं तिला म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बंद टीव्हीतून, एकाच वेळी पुष्कळ माणसं उभी राहिली की बाकांचा होतो, तसा आवाज आला.